पतीच्या सहीची ओळ

डॉक्टर कित्तूरबाईंनी माझी अकरा पानं हातात घेतली, वजन बघितल्यासारखी जरा वरखाली केली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"निवेदन," मी म्हणालो. "सविस्तर."

"ते दिसतंय. तुम्ही कोण? पेशंटचे मिस्टर?"

"नाही, नाही! मी कायद्याचा विद्यार्थी. तिसऱ्या वर्षाला आहे."

पेशंट माझ्या शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सुमती मगदूम, वय तिशीच्या आसपास. सांगलीत आमच्या लॉ कॉलेजच्या मागच्या बोळात डीटीपीचं एक दुकान होतं, तिथं त्या टायपिंग करायच्या. सगळं कॉलेज त्यांना वहिनी म्हणायचं. मिरजेच्या त्या दवाखान्याची पायरी चढताना त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "वकीलसाहेब, थोडक्यात बोला हं." मी मान डोलावली होती.

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानावरचं मोठ्यानं वाचलं. "'स्त्रीच्या शारीरिक स्वायत्ततेचा प्रश्न हा आता कोणत्याही एका राष्ट्राचा अंतर्गत प्रश्न राहिलेला नसून...' अहो, हे मिरज आहे."

"म्हणूनच मॅडम. मिरजेलासुद्धा आंतरराष्ट्रीय कायदा लागू आहे."

हे वाक्य मी खरोखर बोललो. त्याला आज अठ्ठावीस वर्षं झाली. अजूनही आंघोळ करताना ते मध्येच आठवतं आणि मी मोठ्यानं काहीतरी गुणगुणायला लागतो. बायको बाहेरून विचारते, काय झालं? मी म्हणतो, पाणी गरम आहे.

"आणि खाली हे बारीक अक्षरात काय आहे?"

"तळटीपा. त्रेचाळीस आहेत."

बाईंनी पान उलटलं, परत उलटलं. "ही नोटीस आहे का?"

"नोटीस नाही," मी म्हणालो. इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला थांबता येत नाही. "म्हणजे, तूर्तास नाही."

कित्तूरबाईंनी पानं बंद केली आणि माझ्याकडे सरकवली. मग माझ्याकडे बघायचं सोडून त्या वहिनींशी बोलायला लागल्या. "बाई, मी तुम्हाला सोमवारी काय सांगितलं? फॉर्मवर मिस्टरांची सही आणा, शुक्रवारी सकाळी करून टाकू. तुम्ही वकील घेऊन आलात. आता मला कोर्टकचेरीची भीती वाटायला लागली. सही आणा, नाहीतर दुसरीकडं बघा."

"मिस्टर मस्कतला असतात मॅडम."

"मग फॅक्स मागवा."

वहिनींनी पर्समधला तो फॉर्म काढला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत आत ठेवला. आम्ही बाहेर आलो. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ऑपरेशन माझंच ठरलं होतं आणि तेच रद्द झालंय.

मला वकील म्हणणं हा त्या बोळातला विनोद होता आणि मी तो विनोद मानत नव्हतो, ही खरी अडचण होती. त्या वर्षी मी कॉलेजतर्फे पुण्याच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेला निघालो होतो. म्हणजे खोटा खटला, खरे कोट. खटल्यात दोन काल्पनिक देश होते. मेरुवर्तात गर्भपाताला बंदी, केला तर तुरुंग. तिथली एक बाई नदी ओलांडून शेजारच्या सागरिया देशात जाते, गर्भपात करून घेते आणि परत येताना सीमेवर पकडली जाते. सागरिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातो. प्रश्न असा, की बाईचा हक्क मोठा की मेरुवर्ताचा आपला कायदा आपण करण्याचा अधिकार मोठा? कुठली बाजू मांडायची ते त्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरणार. त्यामुळे दोन्ही बाजू तयार ठेवायच्या.

मी सकाळी त्या बाईसाठी गहिवरायचो आणि दुपारी मेरुवर्तासाठी गरजायचो. दोन्ही बाजू मला सारख्याच पटायच्या आणि याचा मला भलताच अभिमान होता. सगळी पानं हातानं लिहून मी वहिनींकडे टायपिंगला न्यायचो. त्यांचा हात कीबोर्डवर चालायचा आणि तोंड प्रश्न विचारायचं. "म्हंजे काय ओ हे?" मी सांगायचो. सांगताना मला मीच फार आवडायचो.

मेरुवर्ताच्या बाजूचं सतरावं पान माझं खास लाडकं. त्यावर मी लिहिलं होतं, की सार्वभौम राष्ट्र आपल्या अंतर्गत निर्णयाची कारणं बाहेरच्या कुणालाही देण्यास बांधील नाही. ते पान मी तीन वेळा बदललं आणि वहिनींनी तीन वेळा टाईप केलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "बांधील न्हाई म्हंजे? इचारायचंच न्हाई कुणी?"

"विचारता येतं. सांगायचं की नाही, ते राष्ट्र ठरवणार."

"बरं हाय की राष्ट्राचं," वहिनी म्हणाल्या आणि छापायला दिलं.

डॉक्टरांनी सही मागितली त्याच सोमवारी संध्याकाळी दुकानात दुसरं कोणी नसताना त्यांनी मला थांबवलं. त्यांची मुलगी दुसरीत होती, ती शेजारी खेळायला गेली होती. वहिनींना दिवस गेले होते. नवरा सुट्टी संपवून मस्कतला परत गेल्याला दोन महिने होऊन गेले होते. हे मूल त्यांना नको होतं. डॉक्टरांना जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं होतं, तपासणी झाली होती, अकरावा आठवडा चालू होता. बारा आठवड्यांच्या आत असेल तर कित्तूरबाई एकट्या करत. त्यानंतर कायद्यानं दुसऱ्या डॉक्टरचंही मत लागतं आणि तसल्या केसेस त्या घेत नसत. सांगलीतल्या मोठ्या दवाखान्यात वहिनींची नणंद नर्स होती, म्हणजे तिथं गेलं की सगळ्या भावकीत दवंडी. सासूबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी निपाणीला गेल्या होत्या आणि रविवारी परत येणार होत्या. एकूण काय, तर शुक्रवार. आणि शुक्रवारच्या आड ती एक सही.

"कायद्यानं सही लागती का नवऱ्याची?" वहिनींनी विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हणालो. हे मला माहीत होतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे दुसऱ्या वर्षाचं पोरगंही सांगेल. एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगून आलो असतो तर काम झालं असतं. पण एका वाक्यात संपणारं काम मला शोभलं नसतं. मी मंगळवारी दिवसभर बसून ते निवेदन लिहिलं. सहा आंतरराष्ट्रीय करार त्यात जुंपले. वहिनींनीच ते टाईप केलं. त्या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता, हे मला बुधवारी परत येताना आठवलं.

मी मात्र सोमवारीच एक प्रश्न विचारून ठेवला होता. "पण वहिनी, का?"

त्यांनी ऐकलंच नाही, असं दाखवलं.

बुधवारी मिरजेहून आम्ही सीट भरेल तशी सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो. माझ्या मांडीवर ती अकरा पानं आणि शेजारी एका बाईची कोथिंबिरीची पाटी. वाटेतल्या विश्रामबागेपर्यंत मी गप्प राहिलो. मग न राहवून हळूच म्हणालो, "फॅक्स मागवायला काय हरकत आहे? त्यांना कळवायचं नाहीये का? काही भांडण वगैरे...?"

वहिनी बाहेर बघत होत्या. कोथिंबीरवाली मात्र कान टवकारून माझ्याकडे बघायला लागली. मी पानं घडी घालून पिशवीत कोंबली.

गुरुवारी दुपारी मी दुकानात गेलो तो माफी मागायला. निदान घरून निघताना तसं ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "वहिनी, आपण आरोग्य खात्याकडे तक्रार करू. मी मसुदा आणलाय."

"किती पानं?"

"अठरा."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रडून आलेला चेहरा ओळखू येतो. त्यांचा तसाच होता आणि मी त्यांच्यापुढं अठरा पानं घेऊन उभा होतो.

"कायद्याचं पुस्तक हाय का तुमच्यापाशी?" त्यांनी विचारलं. "ते परदेशातलं नको. आपलं."

होतं. चार-पाच पानांचा कायदा, त्यामागं नियम, सगळं मिळून एक पातळ पुस्तक. तीन तळटीपांसाठी मी ते ग्रंथालयातून काढलं होतं. वहिनींनी घेतलं आणि मागून उलटायला सुरुवात केली.

"मागून काय बघताय?"

"फॉर्म मागं असतोय. पंचायतीचं असू दे, रेशनचं असू दे, खरं काय लागतंय ते सगळं मागच्या फॉर्मात असतंय. पुढचं वाचायला तुम्ही हायसा की."

आणि होता. नियमांच्या शेवटी, 'नमुना क'. मी हे पुस्तक तीन आठवडे पिशवीत घेऊन फिरत होतो आणि त्या पानापर्यंत गेलो नव्हतो. इंग्रजी मजकूर होता. वहिनींनी बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. मी, अमुक, अमुक यांची पत्नी किंवा कन्या, माझा गर्भपात अमुक ठिकाणी करण्यास संमती देते. स्थळ, तारीख, सही. त्याखाली अज्ञान मुलीच्या किंवा वेड्या बाईच्या पालकासाठी वेगळा मजकूर. बाकी काही नाही. सही एकच, बाईची.

वहिनींनी ते परत एकदा वाचलं. मग खुर्ची मागं सरकवून टेबलाखालचा फ्लॉप्यांचा डबा ओढला. लग्नपत्रिका, उदबत्तीची लेबलं, पतसंस्था असं करत करत त्यांनी एक फ्लॉपी बाहेर काढली. तिच्यावर पेननं लिहिलं होतं, 'कित्तूर'.

पडद्यावर फॉर्म उघडला. दवाखान्याचं नाव, पत्ता, मजकूर आणि खाली दोन ओळी. 'रुग्णाची सही.' 'पतीची सही.' वहिनींच्या पर्समधल्या फॉर्मशी तंतोतंत जुळणारा.

"हा तुमच्याकडे कसा?" मी विचारलं.

"मीच केलाय. दोन वर्सं झाली." वहिनींचा आवाज बारीक झाला होता. "सोमवारी डॉक्टरांनी हातात दिला तवाच वळखला, आपलं काम हाय म्हणून. मला वाटलं, ती ओळ सरकारची असणार. आपण काय, आलं तसं टाईप करणार." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "त्यांचा कंपाउंडर आलता ओ. हर्नियाच्या ऑपरेशनचा फॉर्म घेऊन. म्हणाला, असाच करा, वरचं नाव तेवढं बदला. त्याच्यावर 'नातेवाइकाची सही' असं होतं. बायकांचा फॉर्म म्हणून मी 'नातेवाइकाची' काढून 'पतीची' घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनानं घातलं."

मला हसू फुटलं. सहा करार, त्रेचाळीस तळटीपा, साऱ्या मानवजातीची सदसद्विवेकबुद्धी मी ज्या ओळीवर सोडली होती, ती ओळ कुठल्या संसदेनं केलेली नव्हती. मी रोज ज्या स्टुलावर बसून चहा प्यायचो, त्याच्या समोरच्या कीबोर्डवर ती जन्माला आली होती, हर्नियाच्या पोटी. मी हसत सुटलो आणि मग माझ्या लक्षात आलं, की वहिनी हसत नाहीयेत.

"दोन वर्सांत किती बायकांना आणाय लावली असंल ती सही," त्या म्हणाल्या.

तो विचार मला शिवलाही नव्हता. मला फक्त माझी फजिती दिसली होती.

वहिनींनी ती ओळ निवडली आणि पुसली. मग सरकारी नमुन्याप्रमाणं सगळा फॉर्म नव्यानं टाईप केला, मराठीत, शब्द न शब्द माझ्याकडून तपासून घेत. त्या तीन आठवड्यांत माझ्या कायद्याच्या ज्ञानाचा झालेला हा पहिला उपयोग. पान प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या साडेनवाला मिरजेत या. घरी परत आणाय कुणीतरी लागतंय, डॉक्टर एकटं सोडत न्हाईत."

"येतो."

"आणि वकीलसाहेब, बोलायचं न्हाई."

शुक्रवारी सकाळी आमच्या बेडकिहाळ सरांनी शेवटची तालीम ठेवली होती. दुपारच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं. मी सरांना पोट बिघडल्याचा निरोप पाठवला. सरांना ते लगेच पटलं. मी मोठ्या प्रसंगाआधी नेहमीच गळपटायचो.

कित्तूरबाईंनी मला दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. वहिनी शांतपणे बसल्या. टेबलावर त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. मागच्या पानावर उघडलेलं पुस्तक, दवाखान्याचा जुना फॉर्म आणि नवा फॉर्म.

"मॅडम, हा सरकारचा नमुना. हा तुमचा. तुमच्यात एक ओळ जास्त हाय. ती माझ्याकडनं पडलीया."

"तुमच्याकडनं?"

वहिनींनी हर्नियाची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत. मी मोजली. बाईंनी पुस्तक ओढून घेतलं, सावकाश वाचलं, पान उलटून पुढंही काही नाही ना ते बघितलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. त्या रागीट नव्हत्या, दमलेल्या होत्या. बुधवारी माझ्या तोंडाला सुट्टी नव्हती म्हणून मला ते दिसलं नव्हतं.

"ओळ चुकून पडली असेल," त्या म्हणाल्या, "पण मला ती बरी पडते. गेल्या वर्षी एकीचा नवरा आला. बाहेरच्या खिडकीची काच फोडून गेला. मी एकटी बाई दवाखाना चालवते. उद्या तुमचे मिस्टर मस्कतहून आले आणि..."

"त्या काच फोडणाऱ्याची सही घेतली नव्हती?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"घेतली होती," त्या म्हणाल्या.

माझ्या जिभेवर तीन वाक्यं आणि एक लॅटिन सूत्र उड्या मारत होती. वहिनींनी मान न वळवता माझ्याकडे नुसता डोळा फिरवला. मी जीभ चावली, अक्षरशः.

बाईंनी जुना फॉर्म उचलला आणि मधोमध फाडला. "ही फ्लॉपी कुठं आहे? मला शंभर प्रती नव्या काढून द्या. सोमवारी." मग माझ्याकडे वळल्या. "वकील, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही."

"तूर्तास?"

"अजिबात नाही मॅडम."

"मग बाहेर बसा. मला पेशंटशी बोलायचंय."

बाहेर एक लांब बाक होता. त्यावर चार नवरे बसले होते आणि पाचवा मी. समोरच्या खिडकीला एकच काच इतरांपेक्षा नवी होती. तिच्याकडे बघत मी तासभर काढला. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी जागेपणी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. वहिनींना काही झालं तर? मी त्यांचा कोण, असं कोणी विचारलं तर? या प्रश्नाला कुठल्याच करारात उत्तर नव्हतं.

शेवटी एक नर्स बाहेर आली. भरभक्कम, कमरेवर हात. "मगदूम?"

मी उठलो.

"सगळं व्यवस्थित झालंय. दोन तास पडू दे, मग न्या. आठवडाभर जड उचलू देऊ नका. पाणी भरायचं ते तुम्ही भरा. आणि काय ओ, तुम्हाला काही कळतं का? दर वेळी सगळं बाईच्याच अंगावर?" आख्ख्या बाकापुढं तिनं माझ्या हातात एक माहितीपत्रक ठेवलं. पुरुष नसबंदी, सोपी व सुरक्षित. "वाचा. शिकलेले दिसता."

मी बावीस वर्षांचा होतो. मुलीशी सिनेमा सोडा, आइस्क्रीमसुद्धा खाल्लं नव्हतं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी "हो सिस्टर" म्हणालो आणि पत्रक खिशात घातलं. चारही नवरे खाली मान घालून माझ्यावरची वेळ आपल्यावर न आल्याबद्दल देवाचे आभार मानत होते.

वहिनी आतल्या खोलीत कॉटवर पडल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण कपाळावरची आठी गेली होती. मी चहा आणि बिस्किटं आणली. त्यांनी उठून बसून चहा घेतला, एक बिस्किट बुडवून खाल्लं. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं.

इथंही मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तासभर तोंड बंद ठेवलं होतं आणि ते मला सोसलं नाही.

"वहिनी, राग येऊ देऊ नका," मी म्हणालो. "मी एवढा धावलो तुमच्यासाठी. मला निदान एवढं तरी कळायला हवं. का नको होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत.

"तुमच्या सतराव्या पानावर काय हाय?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "सतराव्या?"

"मेरुवर्ताच्या. मी तीनदा टाईप केलंय ते."

मला ते पान पाठ होतं. गेले पाच दिवस मी या बाईच्या मागं लागलो होतो. सोमवारी दुकानात, बुधवारी कोथिंबीरवालीच्या देखत, आणि आत्ता, ती कॉटवर पडलेली असताना. एका न जन्मलेल्या कागदी देशाला मी जेवढा मान दिला होता, तेवढा या बाईला दिला नव्हता. आणि वर धावपळीची वसुली मागत होतो. मला इतकी लाज वाटली, की मी उठून रिकामे कप विसळायला घेऊन गेलो. कप दवाखान्याचे नव्हते, चहावाल्याचे होते आणि तो ते विसळणारच होता.

दुपारी रिक्षानं त्यांना घरी सोडलं आणि धावत स्टँड गाठलं. सरांनी विचारलं, "पोट कसंय?" मी म्हणालो, "बरंय." खिशात ते पत्रक होतं.

शनिवारी पुण्यात चिठ्ठी निघाली, मेरुवर्त. सरांनी माझी पाठ थोपटली, माझी जमेची बाजू मिळाली म्हणून. न्यायासनावर एक निवृत्त न्यायमूर्ती होते. बारीक, शांत, झोपल्यासारखे. मी सुरुवात जोरात केली. मेरुवर्ताची बाजू काही खोटी नव्हती. मोठ्या देशांनी लहान देशांना घर कसं चालवायचं ते बाहेरून शिकवावं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. मी पंधराव्या पानावरून सोळाव्यावर आलो, सतराव्यावर आलो आणि ते वाक्य बोललो. सार्वभौम राष्ट्र आपल्या निर्णयाची कारणं बाहेरच्या कुणालाही देण्यास बांधील नाही.

न्यायमूर्तींनी डोळे उघडले. "मान्य. मग त्या बाईनं राष्ट्राला कारण का द्यावं?"

या प्रश्नाची तीन उत्तरं माझ्याकडे तयार होती. गुलाबी कार्डावर लिहून, क्रम लावून. कार्ड माझ्या हातात होतं. समोर बेडकिहाळ सर आश्वासक मान डोलावत होते.

"देऊ नये, माय लॉर्ड," मी म्हणालो.

सभागृहात कोणीतरी खोकलं. न्यायमूर्ती पुढं झुकले. "तुम्ही मेरुवर्ताचेच वकील ना?"

"हो."

"मग आपल्या अशिलाचं तुम्ही काय करताय, हे तुमच्या लक्षात येतंय का?"

"येतंय, माय लॉर्ड."

सरांनी हातातल्या फाइलनं तोंड झाकून घेतलं. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. मेरुवर्ताला स्वतःच्याच वकिलानं बुडवल्याचं ते एकमेव उदाहरण असावं. परतीच्या वाटेवर साताऱ्याला सरांनी वडापाव घेतला, तो एकच.

सोमवारी मी दुकानात गेलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. न्यायमूर्तींनी काय विचारलं, मी काय म्हणालो, का म्हणालो, त्या क्षणी मला काय दिसलं. मला ते सांगायचंच होतं. खरं सांगायचं तर, ते ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती.

वहिनी कामावर आल्या होत्या. सासूबाई रविवारी आल्या होत्या, बाळंतविड्याच्या गप्पा चालू होत्या, बाकी काही नाही. टेबलावर कित्तूरबाईंच्या शंभर फॉर्मांचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता.

"काय झालं पुण्यात?" त्यांनी विचारलं.

"हरलो."

"हरलासा?"

"पहिल्याच फेरीत."

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. मी स्टुलावर सावरून बसलो आणि पुढच्या, 'का?' या प्रश्नाची वाट बघायला लागलो.

"बरं," त्या म्हणाल्या.

मी अजून वाट बघत होतो. त्यांनी टेबलावरची माझी पिशवी उचलून खाली ठेवली, बोळातल्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली आणि पतसंस्थेच्या अहवालाचं पान पुढं ओढून टायपिंग सुरू केलं.